पुतळ्याचा ठराव

"मग हौसाबाईला तुम्ही सांगणार आहात की नाही, आक्का?" वैजयंतीनं विचारलं.

आक्का सुपारी कातरत होत्या. अडकित्ता थांबला नाही.

"काय सांगू तिला?"

"उद्याच्या सभेत गप्प बसायला. एवढंच."

उद्याची सभा द्वारकाताईंच्या पुतळ्यासाठी होती. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून ताई या कृष्णाकाठच्या गावात दारोदार हिंडल्या होत्या. लोकांची बोलणी खाल्ली, पण हक्क मिळाल्याशिवाय गप्प बसल्या नाहीत. ही महिला संस्थाही त्यांनीच काढलेली. ताईंच्या हाताखाली सगुणाआक्का तयार झाल्या आणि आक्कांच्या हाताखाली वैजयंती. संस्थेची कार्यवाह झाल्यापासून वैजयंतीला एकच ध्यास लागला होता. घाटावर ताईंचा पुतळा व्हावा, आणि तोही एकमतानं.

पोर गुणाची होती, यात शंका नाही. पण गुणी माणसाला आपल्या गुणांची फार खात्री पटली की आसपासच्यांची पंचाईत होते.

"हौसा म्हणते तरी काय?" आक्कांनी विचारलं.

"म्हणते, घाटावरच्या त्या ओट्यावर आमच्या गोधड्या वाळतात. दिवसभर ऊन असलेली तेवढी एकच जागा आहे. तिथं पुतळा बसला तर आम्ही कुठं जायचं?" वैजयंतीनं कपाळाला हात लावला. "गोधड्या, आक्का. जिच्यामुळं हिला मत मिळालं तिच्यासाठी हिला गोधडी सोडवत नाही. आणि नगरपालिका दुसरी जागा द्यायला तयार नाही."

"हं…"

"ताईंच्या नावाच्या ठरावाला एक जरी हात आडवा आला तर मला तोंड दाखवायला जागा नाही. बाकीच्या बायका माझ्या शब्दाबाहेर नाहीत. ही तेवढी तुमचं ऐकेल."

आक्कांनी अडकित्ता खाली ठेवला.

"वैजू, मी ताईंना पाडलं होतं."

"पाडलं? म्हणजे?"

"निवडणुकीत गं. बायकांची मतं पडली ती पहिलीच निवडणूक. ताई स्वतः उभ्या होत्या. त्यांना मुलींसाठी शाळा काढायची होती. त्यांच्या विरोधात एक डॉक्टर होते, ते बाळंतपणाचा दवाखाना काढतो म्हणत होते. त्याच वर्षी माझं पहिलं मूल गेलं होतं… घरीच, सुईणीच्या हातात. मी डॉक्टरांना मत दिलं."

"आणि ताई…"

"पडल्या. अगदी थोडक्यात."

बाहेर कुणीतरी बादली आपटली.

"त्यांना कळलं?"

"मीच जाऊन सांगितलं. घरात सगळ्यांची तोंडं उतरलेली. ताई एकट्याच जेवायला बसल्या होत्या. मी दारातूनच सांगितलं आणि तिथंच रडत उभी राहिले."

"मग?"

"त्यांनी मला शेजारी पाट दिला. म्हणाल्या, जेव आधी. उद्या दोघी मिळून त्या डॉक्टरांकडे जाऊ आणि दवाखाना कधी काढताय ते विचारू."

आक्कांनी सुपारीची खांडं तिच्यापुढं केली. वैजयंतीनं घेतली नाहीत.

"म्हणजे तुम्ही हौसाबाईला सांगणार नाही."

"तू कार्यवाह आहेस. सांगायचं असेल तर तू सांग."

वैजयंती उठली. तिला फार लागलं होतं. आक्कांनाच पुतळा नको आहे, आणि हे त्या आज आडून आडून सांगताहेत, असं तिच्या मनानं घेतलं. गुरूनंच हात आखडता घेतल्यावर शिष्यानं कुणाकडे बघायचं?

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. आक्का नेहमीसारख्या मागच्या भिंतीला टेकून बसल्या.

वैजयंतीनं ठराव वाचला. वाचता वाचता तिचा आवाज दोनदा कापला. ताईंवर तिचं प्रेम होतं, ते काही दिखाऊ नव्हतं.

"ठरावाच्या बाजूनं कोण?"

हात वर झाले. वर करताना प्रत्येक बाई वैजयंतीकडे बघत होती.

"विरोधात?"

हौसाबाईचा हात खांद्यापर्यंत आला. शेजारणीनं तिला कोपरखळी मारली. हौसाबाईनं वैजयंतीकडे पाहिलं, हात खाली घेतला आणि पदरात गुंडाळून ठेवला.

चिटणीस बाईंनी लेखणी उचलली. "एकमतानं मंजूर. लिहू ना?"

वैजयंतीला हवं ते हेच होतं. हातातोंडाशी आलेलं. आता नुसती मान हलवायची होती…

"थांबा," ती म्हणाली.

ती व्यासपीठावरून खाली उतरली आणि हौसाबाईपाशी जाऊन बसली.

"मावशी, हात खाली का घेतलात?"

"राहू दे गं बाई. तू एवढी जिवाचं रान करतीयास. तुझं मन कशाला मोडू?"

"माझं मन माझ्यापाशी. तुमचं काय म्हणणं आहे?"

हौसाबाईचा पदरातला हात हळूच बाहेर आला.

वैजयंती परत वर गेली. "पुन्हा घेऊ. आधीचं सगळं रद्द. मी इकडं तोंड करून उभी राहते. हात चिटणीस बाई मोजतील आणि मला फक्त निकाल सांगतील."

तिनं सभेकडे पाठ केली. समोर ताईंची तसबीर होती. मागं बांगड्या किणकिणल्या, थांबल्या. मग पुन्हा किणकिणल्या. या वेळी जरा जास्तच वेळ.

चिटणीस बाईंनी घसा साफ केला. "ठराव… नामंजूर."

वैजयंतीनं डोळे पुसले, मागं वळून सगळ्यांचे आभार मानले आणि सभा संपवली. तेवढं तिनं नीट केलं.

संध्याकाळी ती आक्कांच्या खोलीत आली आणि त्यांच्या मांडीवर डोकं टेकून रडली. आक्का तिच्या केसांतून हात फिरवत राहिल्या.

मग ती म्हणाली, "झालं ना तुमच्या मनासारखं?"

आक्कांचा हात थांबला.

"माझा हात पुतळ्याच्या बाजूनं होता, वैजू… डोळे मिटायच्या आधी ताईंना एकदा घाटावर बघायचं होतं गं मला."