चारशे बारानंतर तीनशे एक्क्याण्णव

"पण बाई, आकडा उलटा कसा जाईल? चारशे बारानंतर तीनशे एक्क्याण्णव?"

श्रीरंगने लॅपटॉप ताम्हनकर बाईंपुढे सरकवला. रुग्णांवर लक्ष ठेवणाऱ्या मॉनिटरचा प्रोग्राम तयार करून पाठवणारी, बिल्डची सगळी यंत्रणा बाईंनीच उभी केली होती. प्रोग्राममध्ये बदल केला की त्याची नोंद होई, आणि जितक्या नोंदी तितका नव्या व्हर्जनचा आकडा.

इस्पितळातले मॉनिटर फक्त आधीपेक्षा मोठा आकडा स्वीकारत. लहान आला, तर जुना समजून नाकारत.

शनिवारी तिथल्या एका आजोबांचा श्वास मंदावला आणि मॉनिटरची घंटा वाजलीच नाही. नर्स पोचली तेव्हा उशीर झाला होता.

घंटेची दुरुस्ती श्रीरंगने सकाळी पाठवली होती. एकही मॉनिटर ती घेत नव्हता.

"तुमची यंत्रणा म्हातारी झाली, बाई."

"झाली असेल. पण मोजता येतं तिला अजून." बाईंनी चष्मा पुसला. "नोंदी कमी कशा झाल्या?"

"मी जरा झाडझूड केली. बावीस काढून टाकल्या. कचराच होता."

"कधी?"

"...रविवारी."

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

त्या बाविसांतली एक श्रीरंगला तोंडपाठ होती. 'चाचणीपुरती घंटा बंद.' खाली त्याचं नाव. पुन्हा सुरू करायची तो विसरला होता.

"माझ्याकडे जुनी प्रत आहे," बाई म्हणाल्या.

त्याने झटकन वर पाहिलं.

"वाचलीत?"

"ती परत घातलीस, तर बावीसही नोंदी परत येतील आणि दुरुस्तीचा आकडा आपोआप चारशे तेरा होईल. नाहीतर हाताने चारशे तेरा लिही. मॉनिटरला दोन्ही सारखंच."

"आणि लागणारा वेळ?"

"तोही सारखाच."

बाईंनी टेबलावरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

"तिकडे चाळीस खाटा आहेत, श्रीरंगा. काय ते लवकर कर."

त्याने बाईंकडे पाहिलं. मग कीबोर्डकडे...

चार. एक. तीन.

पडद्यावर एकेक मॉनिटर हिरवा होत गेला. चाळिसावा झाला, तेव्हा त्याने रोखून धरलेला श्वास सोडला.

"गेला! बाई, आकडा गेला पुढे!"

बाई खुर्चीतून उठल्या.

"हो," त्या म्हणाल्या. "आकडा गेला."