सम्राटाने दत्तक दिलेला मुलगा

रोमच्या सिंहासनावर एकदा एक सम्राट होता, आणि त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. राज्यात दुष्काळ नव्हता, सरहद्दीवर शत्रू नव्हता. चिंता घरातलीच होती. वय झाले होते, छातीत कळ येई, आणि वैद्य हल्ली नजर चुकवून बोलत. आपल्यामागे कोण, एवढे ठरवायचे राहिले होते.

आता त्या लोकांची रीत अशी, की गादीला लायक वारस नसला तर सम्राट दत्तक घेई. दत्तक आपल्याकडेही आहे, पण आपण मांडीवर घेतो ते लेकरू. ते लोक चांगला दाढीमिशीचा, लढाया मारलेला बाप्या मुलगा म्हणून घेत. हा सम्राट स्वतः असाच आलेला, त्याच्या आधीचाही असाच. रक्ताचे नाते नव्हते, तरी राज्य सुखात चालले होते.

पण या सम्राटाला पोटचा मुलगा होता. वयात आलेला. मुलगा वाईट नव्हता बरे. शर्यतीच्या घोड्यांची नावे त्याला पाठ, माणसांची मात्र तो विसरे. आणि जो स्तुती करी त्याचा तो होऊन जाई. राज्य त्याला पेलणार नाही हे बापाला दिसत होते. सरहद्दीवर एक सेनापती होता, शांत, कमी बोलणारा. दत्तक घ्यावा तर तोच, यातही शंका नव्हती. तरी सम्राटाचा हात राजमुद्रेकडे जाईना.

शेवटी त्याने आपल्या म्हाताऱ्या गुरूला बोलावून घेतले. गुरूला बायको नव्हती, मूल नव्हते. डोंगरावर ऑलिव्हची चार झाडे राखून तो राहत असे. त्याने सगळे ऐकले आणि विचारले, इतके उमगले आहे तर अडते कुठे?

सम्राट उठून दार लावून आला. मग हळू आवाजात म्हणाला, "मी गादीवर आलो तेव्हा आधीच्या सम्राटाचा एक सख्खा पुतण्या होता. साधा पोरगा, बासरी वाजवायचा. दुसऱ्या दिवशी तो नव्हता. मी हुकूम दिला नव्हता, गुरुजी."

"कुठे गेला म्हणून विचारलेस?"

"नाही."

त्यावर गुरू उठून निजायला गेला. सकाळी दरबार भरला तेव्हा तो काठी टेकत मधोमध येऊन उभा राहिला आणि सर्वांच्या देखत म्हणाला, "राजा, तुझा मुलगा मला दत्तक दे."

दरबारात हशा पिकला. एक जाडा प्रधान म्हणाला, गुरुजींना म्हातारपणी लेकरू हवे झाले, तेही बघा, राजाचेच. दुसऱ्याने विचारले, राजपुत्र शेळ्या राखणार की गुरुजींचे पाय चेपणार? मुलगा लाजेने लाल झाला. सम्राटाने रागाने दरबार मोडला आणि गुरूला आतल्या दालनात नेले.

"माझी अब्रू घालवलीत. मागायचे ते एकांतात मागता आले नसते?"

"एकांतात दिला असतास, तर लोक म्हणाले असते, लपवला," गुरू म्हणाला. "ज्या राजपुत्राचे हसू झाले, त्याला कोणी भीत नाही. बाळ, तुझ्या घरात दोनच जागा आहेत. एक गादीवर, एक गादीखाली. वरची तू त्याला देणार नाहीस, ते योग्यच आहे. मग त्याच्या वाट्याला खालची येईल. नवा माणूस भला आहे म्हणतोस? तूही भलाच होतास. भल्या राजाला हुकूम द्यावा लागत नाही, भोवतीची माणसे त्याच्या मनातली भीती ओळखून काम उरकतात. म्हणून म्हणतो, मुलाचे घरच बदल. दत्तक गेलेल्याचा जन्मघरावर हक्क उरत नाही, तुमचाच कायदा आहे. माझ्या घरात गादी नाही, एक खाट आहे. खाटेसाठी कोणी कोणाला मारत नाही."

सम्राट खाली बसला. त्याच्या मनातली भीती कोणीतरी प्रथमच मोठ्याने बोलले होते.

दत्तकविधानाचा दिवस ठरला. त्यांच्यात असे असते, की मुलगा देणाऱ्या बापाने साक्षीदारांसमोर तराजूवर तांब्याचा तुकडा वाजवून, मुलगा विकला, असे तीनदा म्हणायचे. दोनदा सम्राट म्हणाला. तिसऱ्या वेळी त्याचा हात तराजूपाशी थांबला. साक्षीदार खाली पाहू लागले.

मुलगा म्हणाला, "वाजवा ना. दोनदा विकलंत, आता जड जातंय?"

सम्राटाने तुकडा वाजवला. मुलगा मागे न पाहता निघून गेला.

"तो मला कधी क्षमा करायचा नाही," सम्राट म्हणाला.

"न करो. राग धरायलासुद्धा माणूस जिवंत लागतो."

डोंगरावर मुलगा पहिले काही महिने कोणाशी बोलला नाही. मग गुरूच्या खेचरांना चारापाणी करू लागला, मग झाडांची छाटणी शिकला. गुरूने त्याला काही समजावले नाही. समजावण्यासारखे ते नव्हतेच. पुढच्या हिवाळ्यात सम्राट गेल्याची बातमी आली, सेनापती गादीवर बसल्याचीही आली. मुलगा म्हणाला, मी अंत्ययात्रेला जातो. गुरूला ते धोक्याचे वाटले, पण त्याने अडवले नाही.

रस्त्यावर ही गर्दी. तिरडीमागून राजघराण्याची माणसे चालत होती. त्यांत मुलाचा चुलतभाऊ होता, सम्राटाच्या रक्ताचा आता त्या घरात तोच उरलेला. त्याचे डोळे कोरडे होते आणि चेहरा चुन्यासारखा पांढरा. दोन्ही बाजूंनी शिपाई त्याला खेटून चालले होते. मुलगा ते पाहत राहिला. नकळत तो पुढे आला असावा, कारण एका शिपायाने भाल्याचा दांडा त्याच्या छातीला लावला.

"मागे सर रे. घरच्या माणसांना वाट दे."

शिपाई त्याच्या तोंडाकडे पाहतही नव्हता. मुलाने तो दांडा क्षणभर हातात धरला, मग सोडला. तो मागे सरला, आणि त्या गर्दीत, इतर लोक रडत होते तसाच, बापासाठी पोटभर रडला.