बाभळीवरची शांत घटका

झाडांनाही स्वप्नं पडायची, त्या काळची गोष्ट. विहिरीवरच्या बाभळीवर सुगरण पाखरांची वस्ती होती. पिल्लू पहिल्यांदा उडायचं, तेव्हा सगळ्यांनी घरट्याभोवती कलकलाट करायची तिथली रीत होती.

पिवळी नावाच्या सुगरणीचं पिल्लू मात्र गलका होताच आत दडायचं, एकटंच झुलत राहायचं.

“आईनंच लाडावून ठेवलंय,” शेजारणी म्हणायच्या. शेवटी पिवळीनं दुसरं झाड बघायचं ठरवलं.

तेवढ्यात वस्तीतली सगळ्यात म्हातारी केसरआजी आली. “काय गं, त्याला आवडतं काय?”

पिवळीचे डोळे भरून आले. हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. “वाऱ्याचा आवाज,” ती म्हणाली.

आजीनं वस्तीला गप्प केलं. बाभळीतून नुसता वारा वाहू लागला. पिल्लानं हळूच डोकं बाहेर काढलं.

अजूनही ती बाभूळ रोज घटकाभर शांत होते. वाटसरूंना वाटतं, पाखरं उडून गेली. तेव्हा पिल्लू झुलत असतं, आणि पिवळी शेजारणींच्या मधोमध निवांत टेकलेली असते.