वीतभर टाचेचा राजजोडा

एका राज्यात पुरुषांनी उंच टाचेचे जोडे घालण्याची रीत होती. टाच असली की घोडेस्वाराचा पाय रिकिबीत पक्का राहतो, म्हणून टाच ही मर्दपणाची खूण. मानकऱ्याची टाच दोन बोटे, सेनापतीची चार बोटे, आणि राजाने सर्वांहून उंच दिसावे असा दंडक. धवलसेन गादीवर आला तेव्हा सारा दरबार जोडे घालून उभा राहिला आणि नवा राजा त्यांच्या खांद्याशी आला. कुणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते, राजा चार दिवसांत विसरला असता.

त्याने टाच वाढवली. पाय सुजले, चालताना नाकी नऊ आले. राणी मृणालवती डोंगराकडची. ती पहाटे अनवाणी रानात जाई, उन्हे चढेपर्यंत हिंडे, आणि पालखीत बसणे तिला शिक्षा वाटे. ती म्हणे, "महाराज, आहात तेवढेच उंच राहा." हे राजाच्या जिव्हारी लागे.

शेवटी त्याने जादूचे जोडे करणाऱ्या मायावी कालकेतूला बोलावले. "टाच वीतभर हवी. रूप मर्दानी हवे. आणि पायाला सुख हवे."

कालकेतूने तीन जोड मांडले. पहिला मखमली, टाच बोरूसारखी निमुळती. त्यात राजाचा तोल जाई, आणि आरशात पाहिले तर खेळातला सोंगाड्या दिसे. दुसऱ्याला लोखंडी नाल. रुबाब मोठा, पण महाल ओलांडेपर्यंत घोटे सोलवटले. तिसरा म्हशीच्या काळ्या कातड्याचा. टाच रुंद, पावलाच्या टाचेखाली नेमकी बसवलेली, पुढे बोटांना ऐसपैस जागा, घोट्याला घट्ट पकड. मोती नाहीत, नक्षी नाही. राजाने पाय घातला आणि त्याला दवाच्या गवतावर उभे राहिल्यासारखे वाटले.

"वीतभर टाच, आणि दुखत नाही?" राजाने विचारले.

"दुखते, महाराज. फक्त तुम्हाला नाही."

राजाने पायातल्या जोड्याकडे पाहिले.

"कुणाला, ते विचारा. सांगेन," कालकेतू म्हणाला. "पण ऐकल्यावर जोडा घ्याल असे वाटत नाही."

राजाने पुन्हा आरशात पाहिले. आरशात एक धिप्पाड पुरुष उभा होता, आणि तो त्याला फार आवडला. राजाने विचारले नाही. कालकेतू पुढच्या राज्यात जोडे विकायला निघून गेला.

मग काय विचारता! राजा गडावर चढला, बाजारातून मिरवला, दरबारात येरझारा घालू लागला. जोडा काढावासाच वाटेना, म्हणून काढीनाच. पुढे तो निघेनासा झाला, हेही त्याच्या ध्यानात आले नाही.

इकडे राणीचे पाय ठणकू लागले. आधी रान सुटले, मग अंगण, मग उंबरठा. वैद्य तिच्या पायांना लेप लावीत राहिले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! राजा वैतागून म्हणे, "दिवसभर बसून तर असता. पाय कशाने दुखतात?" असली वाक्ये बोलणाऱ्याला हलकी वाटतात. नंतर तीच त्याला झोपू देत नाहीत.

त्या राज्यात पक्षी बोलत, पण राजाशी मात्र त्याने विचारल्यावाचून बोलत नसत. एके सकाळी राजा राणीच्या दाराशी आला, तेव्हा खिडकीतल्या साळुंकीने रीत मोडली. "राजा, पुढे पाऊल टाकू नकोस. या जोड्याची करणी अशी, की पायाचे दुखणे सर्वांत जास्त माया करणाऱ्याकडे जाते. तू चालतोस आणि राणीचे पाय मोडतात."

राजा जागीच उभा राहिला. "राणी, तुम्हाला ठाऊक होते?"

"होते. हिने मला आधीच सांगितले."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही पहिल्यांदाच मान ताठ ठेवून दरबारात गेला होतात. म्हटले, थोडे दिवस जाऊ देत," राणी म्हणाली. "मग किती दिवस झाले, ते कळले नाही."

राजाने जोडा ओढला. निघाला नाही. तेव्हा साळुंकीने तोड सांगितली. "उंची मिरवलीस ती गडावर, बाजारात आणि दरबारात. तिन्ही ठिकाणी जाऊन ती टाकून ये. मात्र पाऊल टाकलेस तर ते राणीलाच लागेल."

राजाने गुडघे टेकले. तो गुडघ्यांवर गड चढला, गुडघ्यांवर बाजार ओलांडला. लोकांना वाट द्यावी की हात, ते कळेना. दरबारात सेनापती वाकला, तेव्हा राजा म्हणाला, "वाकू नका. ताठ उभे राहून मला पाहा." तो सगळ्यांच्या कमरेएवढा दिसत होता. त्याच क्षणी जोडा गळून पडला आणि त्याची राख झाली. राजाने तिथल्या तिथे दंडक मोडला. ज्याच्या पायाला जी टाच सोसेल, ती त्याने घालावी. निम्म्या दरबाराने त्याच दिवशी सपाट वहाणा घातल्या.

रक्ताळल्या गुडघ्यांनी राजा राणीकडे आला. ठणका थांबला होता. पण पाय काटकुळे झाले होते, भार घेत नव्हते, आणि ते आता तसेच राहायचे होते.

"मी तुम्हाला पाठीवर घेऊन रोज रानात नेईन," राजा म्हणाला.

राणीने त्याच्या केसांवरून हात फिरवला. "न्याल, ठाऊक आहे. पण महाराज, मला चालायचे होते."

करणी फिटली, राज्याची घडी बसली. राजा तिला रोज रानात नेई आणि ती वाटेत फारसे बोलत नसे. कहाणी इथे पुरी झाली. ऐकणाऱ्याचे कल्याण होवो, आणि जमल्यास राजाचेही.