रंगारीण आणि तीन अर्ज

एकदा एका राजाने सीमेवरच्या तीन गावांना मिळून निधी मंजूर केला. चोऱ्यांचा बंदोबस्त व्हावा आणि पीडितांना न्याय मिळावा, हा त्यामागचा हेतू. अट एकच होती. तिन्ही गावांनी पौर्णिमेपर्यंत एकमताने त्याचा विनियोग ठरवायचा. न ठरल्यास निधी परत जाणार.

पण एकमत होईना. नदीकाठच्या गावाला आणखी राखणदार हवे होते, बाजारगावाला मोठी कोठडी, तर कसब्याला न्यायसभेची नवी इमारत. पौर्णिमा तीन दिवसांवर आली तेव्हा तिन्ही पाटील आपापला अर्ज घेऊन कसब्याबाहेर राहणाऱ्या वृद्ध आचार्यांकडे आले. आचार्य पूर्वी न्यायाधीश होते.

आता गुरुजी अर्ज वाचून निवाडा करतील, या उत्सुकतेने त्यांचा शिष्य पुढे सरकून बसला. आचार्यांनी मात्र अर्ज उघडलेही नाहीत. त्यांनी कसब्यातल्या राहीबाई रंगारणीला बोलावणे धाडले. वर्षापूर्वी तिचे कापड रंगवण्याचे दोन मोठे तांब्याचे हंडे चोरीला गेले होते. हंड्यांबरोबर धंदाही गेला. आता ती लोकांची धुणी धुऊन पोट भरत होती.

"उद्या तुम्ही तिघे हिच्याबरोबर चाला," आचार्य पाटलांना म्हणाले. "हिच्या तक्रारीचे पुढे काय झाले, ते तिन्ही गावांत फिरून शोधा. वाटेत आपल्या गावाची बाजू कुणी मांडायची नाही."

निधीचा आणि हंड्यांचा संबंध काय, हे शिष्याला उमगेना. न राहवून तोही त्यांच्यामागून निघाला.

दुसऱ्या दिवशी आधी ते कसब्याच्या न्यायसभेत गेले. कारकुनाने नोंद दाखवली. तक्रार आली त्याच दिवशी लिहून घेतली होती, सुनावणीची तारीखही दिली होती. राहीबाई दोनदा येऊन बसली. आरोपी कोण तेच ठाऊक नसल्याने प्रकरण तहकूब झाले. कसब्याच्या पाटलांनी समाधानाने मान डोलावली. त्यांच्या माणसांचे काही चुकले नव्हते.

मग नदीकाठचे गाव आले. तिथे राहीबाईने आपली हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगितली. ऐकता ऐकता तिथल्या पाटलांचा चेहरा पालटला. गेल्या वर्षी त्यांच्या राखणदारांनी नदीच्या उतारावर एका माणसाला हंड्यासकट पकडले होते. चोर बाजारगावच्या कोठडीत पाठवला आणि हंडा जपून माळ्यावर ठेवला. तो कुणाचा, हे विचारायला कोणी आलेच नाही.

हंडा खाली उतरवला. राहीबाईने काठावरचा पोचा बोटाने चाचपला.

"माझाच आहे," ती म्हणाली. "वर्षभर इथेच होता का?"



 बाजारगावच्या कोठडीपाशी पोहोचल्यावर तिथल्या पाटलांनी स्वतःच सांगितले की तो चोर इथे पंधरा दिवस होता. न्यायसभेकडून बोलावणे आले नाही तर नियमाप्रमाणे कैद्याला सोडावे लागते. त्यांनी नियम पाळला होता. चोर गेला आणि दुसऱ्या हंड्याचा ठावठिकाणाही त्याच्याबरोबर गेला.

परतीच्या वाटेवर तिघे पाटील आळीपाळीने हंडा उचलत होते.

आचार्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, "राखणदारांनी चोर पकडला, कोठडीने सांभाळला, न्यायसभेने तारीख दिली. प्रत्येकाने आपले काम चोख केले आणि तरीही चोर सुटला. तुमच्या गावांत उणीव फारशी नाही. उणीव आहे ती एका गावातून दुसऱ्या गावात जाणाऱ्या वाटेवर. ती वाट कुणाच्याच हद्दीत नाही, म्हणून तिच्यासाठी कुणीच काही मागितले नाही."

पाटलांनी अर्ज परत मागून घेतले आणि तिथेच बसून नवा, एकच अर्ज लिहिला. तिन्ही गावांत रोज निरोप घेऊन फिरणारा एक जासूद आणि पकडलेला माणूस, सापडलेला माल व तारखा यांची तिन्ही ठिकाणी सारखी नोंद. उरलेल्या निधीचे काय करायचे, ते दर महिन्याला एकत्र बसून ठरवू, असे त्यांनी शेवटी लिहिले. खाली तिघांच्या सह्या झाल्या.

सगळे गेल्यावर शिष्याने विचारले, "गुरुजी, तुम्ही अर्ज न वाचताच बाजूला कसे ठेवले? त्यांत काही खोटे होते का?"

"खोटे काहीच नसणार," आचार्य म्हणाले. "प्रत्येक अर्जात ज्याचे त्याचे गाव होते. राहीबाई एकातही नव्हती."



मदत कुणाला किती मिळाली, हे आपण नेहमी विचारतो. पण ती ज्याच्यासाठी आली, त्याच्याबरोबर वाटणाऱ्यांनी मिळून एक दिवस चालावे; म्हणजे ती वाटेत कुठे अडते ते कळते.