रावबाचं बाळसं

कृष्णाकाठच्या एका गावात रावबा नावाचा पैलवान राहत होता. जत्रेतली चांदीची गदा सालोसाल त्याच्याच घरी यायची. गावाला त्याचा भारी तोरा! सोयरीक जुळवायला पाहुणे आले, तरी गावकरी आधी रावबाची गदा दाखवायचे, मग मुलगी.

एका वर्षी रावबाचा चेहरा भरला, पाय जाडजूड झाले. बायको म्हणाली, "अहो, चार पावलं चाललात की धाप लागते. डॉक्टरांना दाखवा."

रावबानं मिशीला पीळ दिला. "अगं, बाळसं धरलंय मी. दृष्ट काढ."

बिचारीनं दृष्ट काढली. धाप काही गेली नाही. गावानं मात्र कौतुकानं त्याचं दूध वाढवलं.

जत्रेत शेवटची कुस्ती रावबा आणि शेजारगावच्या हैबतची लागली. हैबतच्या गावानं गदा कधी पाहिलीच नव्हती. सलामी झाली, खडाखडी सुरू झाली. हैबतनं रावबाचं मनगट धरून सोडलं, तर बोटांचे खळगे तसेच राहिले. रावबाची छाती भात्यासारखी चालली होती. हैबतचा बाप असाच सुजून गेला होता. आता एक पट काढला की रावबा पाठीवर आणि गदा हैबतची.

हैबत मागं सरला. पंचांना म्हणाला, "मी लढत नाही. गदा रावबालाच द्या."

त्याच्याच गावानं त्याची हुर्यो उडवली. रावबानंही डिवचलं, "भ्यालास होय रे?"

हैबत खाली बसला. त्यानं रावबाच्या नडगीवर अंगठा दाबून उचलला. खळगा भरेना. "दादा, हे बाळसं नव्हे, सूज आहे. आधी दवाखाना गाठा."

रावबा खळग्याकडं बघत राहिला. एवढ्या माणसांत पैलवानानं आजारी आहे म्हणायचं, जीभ रेटेना. पण खोटं बोलणंही त्याला जमलं नाही. "खरं बोलतोय हा," तो पंचांना म्हणाला. "माझ्यात दम उरला नाही. गदा त्याची." आणि त्यानं स्वतःच्या हातानं ती हैबतच्या खांद्यावर ठेवली.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "पैलवान, तुमची मूत्रपिंडं थकलीत. बाहेर जायचं पाणी अंगातच साचलं. त्याचा भार हृदयावर आला. हृदय दमलं, रक्त मागं तुंबलं, म्हणून यकृतही सुजलं. आत कुणाचं दुखणं एकट्याचं राहत नाही. आज कुस्ती झाली असती, तर आखाड्यातच जीव गेला असता."

रावबाचं मीठ तुटलं, आखाडा सुटला, गोळ्या मागं लागल्या. पण तो जगला. आता कुणी कुस्त्यांचा विषय काढला, की छाती काढून सांगतो, "मला जन्मात एकानंच जिंकलं. अन् त्यानं डाव टाकलाच नाही."

तात्पर्य: सुजेला बाळसं म्हणू नये, आणि आपलं दुखणं दाखवून देणाऱ्याला वैरी म्हणू नये.