मृणावतीचा एक शब्द

एका राज्यात अरिंजय नावाचा राजा होता. त्याची कन्या मृणावती पायांकडून दगड होत चालली होती. मांत्रिकाचा शाप होता, "तिला एकच शब्द उरेल. त्याला खरे उत्तर मिळेपर्यंत दगड वर चढेल." तो शब्द होता, मो.

राजा अर्थ शोधायला निघाला. डोंगरात मो म्हणजे मध. मधमाश्यांच्या गुणगुणण्यातून तो शब्द जन्मला होता. राजाने मध आणला. दगड गुडघ्यांवर गेला.

सागरतीरी मो म्हणजे नांगर; परक्या खलाशांनी तो शब्द आणला होता. "नांगर नेताय खरे, महाराज," कोळी हसला, "आता गलबतही शोधा!" राजाने नांगर कन्येपुढे ठेवला. दगड कमरेवर गेला.

वाळवंटात मो म्हणजे मेलेला. तो शब्द कुठून आला, ते कोणी सांगेना. राजा रित्या हातांनी परतला. दगड गळ्याशी आला होता.

खिडकीतून साळुंकी बोलली, "राजा, एक भाषा राहिली. पाणथळातली. मांत्रिक तिकडचाच."

"ती मी बंद केली. बोलणाऱ्याच्या जिभेवर डाग."

"तुझ्या लेकीला दूध पाजणारी भिवराही तिकडचीच. खाली दळते आहे."

राजा उंबऱ्यात उभा राहिला. "भिवरा, मो म्हणजे काय?"

भिवरा दळत राहिली. तो गरजला. मग त्याने हात जोडले. जाते थांबले नाही.

वरून दासी किंचाळली, "महाराज, हनुवटी गेली!"

राजा उंबरा ओलांडून आत आला. तो जात्यापाशी बसला, खुंट्याला हात लावला. दोघांनी मिळून एक घास दळला. तेव्हा भिवरा बोलली.

"उभ्या माणसाला आम्ही शब्द देत नाही. ऐका. पाणथळात धुके पडले की माणसाला माणूस दिसत नाही. हाक मारायची, मो. जवळ कोणी असेल तर तोही म्हणतो, मो. पोर हाक मारत होती, महाराज. तुम्ही देशोदेशी हिंडत होतात."

राजा धावत वर गेला. "मो," तो म्हणाला. दगड तडकून गळून पडला. मृणावती बापाच्या गळ्यात पडून रडली.

राजाने आपल्याच कायद्याने जिभेवर डाग घेतला, मग कायदा रद्द केला. पाणथळात दवंडी पिटली. दवंडीवाले एकटेच परतले. तिथे कोणी उरले नव्हते.

"भिवरा, आता तुझी भाषा बोल," राजा म्हणाला.

"कोणाशी, महाराज?"

शाप फिटला, राज्य सावरले. गोष्ट इथवरच, पुढे पाणथळात नुसते धुके.